घरची दिवाळी घरच्यांनी करावी

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी अधिकाऱ्याच्या घरी दिवाळी दरसाल येते. ती त्याच्या घरी होते काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. तो स्पष्टपणे विचारावा असे आम्हांस वाटते. विचारताना थोडे तिखट बोलावे लागेल. परंतु फराळाच्या ताटात लाडवाशेजारी चकलीलाही मान असतो, हे जाणणारे वाचक ते गोड करून घेतील अशी आशा आहे.

या घरांतली दिवाळीची तयारी आज कशी होते ते पाहावे. फराळ पुण्यामुंबईहून कुरिअरने येतो. जळमटे काढणे, पंखे पुसणे, माळ्यावरची भांडी उतरवणे ही कामे कार्यालयातला शिपाई करतो. मिठाईचे आणि सुक्या मेव्याचे डबे ज्यांची कामे साहेबांच्या टेबलावर असतात त्यांच्याकडून येतात. आकाशकंदील बाजारातून येतो, रांगोळीचा छापही बाजारातूनच येतो. आणि यांतून जे काही उरते ते सारे, म्हणजे खरे पाहता पुष्कळच, घरातल्या बाईच्या वाट्याला जाते. मग नरकचतुर्दशीच्या पहाटे साहेब उटणे लावून घेतात, पाटावर बसतात, ओवाळून घेतात, आणि "आपल्याकडची दिवाळी काही निराळीच" असे उद्गार काढून चहाचा पेला उचलतात. निराळी खरीच, कारण या दिवाळीत यजमान सोडून बाकी सर्वांचे हात लागलेले असतात.

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगण्याजोगे आहे. दिवाळी हा चारपाच दिवसांचा सण नसून तो पंधरवड्याच्या तयारीचा सण आहे. ती तयारी ज्या घरातली माणसे स्वतः व एकत्र करीत नाहीत, त्या घरी तारीख येते, दिवाळी येत नाही.

प्रथम त्या डब्यांचा विचार करू, कारण तो सर्वांत थोडक्यात आटोपणारा आहे. केंद्रीय नागरी सेवांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील तेरावा नियम भेटींविषयी आहे. विवाह, धार्मिक समारंभ अशा प्रसंगी रूढीला धरून जवळच्या आप्तांकडून, अथवा ज्यांचा आपल्याशी सरकारी कामाचा संबंध नाही अशा मित्रांकडून भेट घेण्यास त्यात मर्यादित वाव ठेवलेला आहे. ठेकेदार हा आप्तही नव्हे आणि संबंध नसलेला मित्र तर मुळीच नव्हे. "सणाचे आहे, नाही कसे म्हणावे?" ही सबब आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. परंतु आलेला माणूस सणासाठी येत नाही, सहीसाठी येतो, हे न कळण्याइतके आपले अधिकारी भोळे असते तर त्यांना हे पद मिळाले नसते. देवापुढे ठेवलेल्या नैवेद्यात असला एखादा डबा असेल, तर लक्ष्मी कोणत्या दाराने आली याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

शिपायाविषयीही फार बोलण्याचे कारण नाही. त्याला पगार मिळतो तो कार्यालयाच्या कामाचा. त्याच्याही घरी सण असतो. त्याच्याही भिंतींना चुना लावायचा असतो. त्याचीही मुले वाट पाहत असतात. तो नाही म्हणू शकत नाही म्हणून हो म्हणतो, आणि आपण ते हो त्याच्या आपुलकीच्या खाती जमा करतो. ज्या घराची जळमटे दुसऱ्याच्या सणाचा दिवस घेऊन निघतात, ते घर पुसलेले असेल, स्वच्छ झाले असे आम्ही म्हणणार नाही.

आता कुरिअरचा फराळ. याबाबतीत आम्हांस सोवळेपणा मिरवायचा नाही. विकत घेणे हे पाप नव्हे. गावोगावच्या कितीतरी बायका, कित्येक बचत गट, या चार आठवड्यांच्या मिळकतीवर मुलांच्या फीचे पैसे उभे करतात. त्यांच्या कढईपुढच्या घामाला निदान दाम मिळतो, जो घरच्या कढईपुढच्या घामाला मिळत नाही. ज्याला अनारसे जमत नाहीत त्याने ते अवश्य विकत आणावेत. आमचा आक्षेप खरेदीवर नाही, खरेदीला 'तयारी' म्हणण्यावर आहे. भ्रमणध्वनीवर दोन मिनिटांत यादी पाठवावी, चार दिवसांनी पेटी फोडावी, पदार्थ डब्यांत भरावेत, आणि पाहुण्यांपुढे "घरचेच आहे, घ्या" म्हणावे, यात खोटे किती आणि खरे किती?

याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. पुण्यात, नाशकात, सांगलीत राहणाऱ्याने फराळ विकत आणला तरी दिवाळी त्याला चुकवता येत नाही. शेजारच्या घरातून भाजणीचा वास येतो. शाळांना सुट्टी लागते. वाड्यातली, नाही तर सोसायटीतली, पोरे चिखल कालवून किल्ला रचत असतात. कुंभारीण पणत्या घेऊन दारात बसते. म्हणजे गावच अर्धी तयारी करून देते. परमुलखात असे होत नाही. तेथे दिवाळी नसते असे नाही. ती त्यांची असते. आपण ज्या पंधरवड्याला आश्विन वद्य म्हणतो त्याला उत्तरेत कार्तिक कृष्ण म्हणतात, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. आपल्या बलिप्रतिपदेला तेथे गोवर्धनाची पूजा असते. बंगालात अमावास्येच्या रात्री कालीपूजा असते आणि तिच्या आधीच दुर्गापूजेत त्या प्रांताचा उत्साह एकदा भरून वाहून गेलेला असतो. तमिळ देशात तर मुख्य दिवस चतुर्दशीचाच. पहाटेचे तैलाभ्यंग तेथेही आहे, आणि त्या बाबतीत मद्रासकडचा शेजारी आपल्याला दिल्लीच्या शेजाऱ्यापेक्षा जवळचा. यांपैकी कोणाचेही आपल्यावाचून अडत नाही, आणि आपली दिवाळी आपल्यासाठी ते करून ठेवतील अशी अपेक्षाही करता येत नाही. तेव्हा परप्रांतात मराठी दिवाळी ही घरात झाली तरच होते. घरात न झाली तर कोठेच होत नाही. मुलखात राहणाऱ्याला जी चैन परवडते ती आपल्याला परवडत नाही, हा आमच्या वादाचा कणा आहे.

यावर एक पक्ष तत्काळ टाळ्या वाजवील, आणि त्या टाळ्या आम्हांस नको आहेत. मंडळाच्या व्यासपीठावरून "आपल्या आयाबहिणी हे सारे हसतमुखाने करीत होत्या, आजच्या बायकांना मात्र जड जाते" असे सांगणारे सद्गृहस्थ प्रत्येक शहरात एखादा तरी असतोच. त्यांना आमचा प्रश्न असा, की महाराज, आपण स्वतः आजवर किती चकल्या पाडल्या? त्या आयाबहिणी एकट्या नव्हत्या. घरात सासू होती, जावा होत्या, माहेरपणाला आलेली नणंद होती, शेजारीण आपले पोळपाट घेऊन येत होती. आज बदलीच्या गावी चार खोल्यांच्या सरकारी घरात एक बाई आहे. बहुधा तीही नोकरी करते. पुष्कळदा ती स्वतःच अधिकारी असते. संध्याकाळी सात वाजता दारात पाऊल ठेवते आणि साडेसातला कढई चढवते. सहाजणींचे काम एकीवर टाकायचे आणि त्याला परंपरा म्हणायचे, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

आपले वाचक आकड्यांवर विश्वास ठेवणारे आहेत, म्हणून सरकारचेच आकडे देतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पाहणी केली, की माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात. सहा वर्षांवरील व्यक्तींत, घरच्यांसाठी विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के आढळल्या, पुरुष २६.१ टक्के. जे करतात त्यांच्यातही स्त्रीचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, पुरुषाचा ९७. हे साधे दिवस झाले. सणाच्या पंधरवड्यात या आकड्यांचे काय होत असेल ते प्रत्येकाने आपल्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मोजावे. पाहणीसाठी नमुना म्हणून एक घर पुरेसे आहे.

तेव्हा दोन्ही पक्ष आम्हांस अमान्य आहेत. एकाला तयारीच नको, दुसऱ्याला ती दुसऱ्याच्या हातून हवी. वरवर पाहता हे परस्परांचे वैरी दिसतात. मुळाशी दोघांचे मत एकच आहे, की यजमानाने हात ओले करू नयेत.

आता तयारीत एवढे काय आहे, असे कोणी विचारील. चकलीचेच घ्या. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, मुगाची डाळ, धणे, जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाला लागणारी आच वेगळी आणि वेळ वेगळा. भाजणी दळून आली की तीत मोहन घालायचे. ते अधिक झाले तर चकली तेलात विरघळते, उणे झाले तर दाताला लागते. मग उकळत्या पाण्यात पीठ भिजवणे, मळणे, सोऱ्यातून पाडणे, तळणे. यातले एकही काम अवघड नाही, आणि एकही काम घाईने होत नाही. करंजीचे तर चार हातांवाचून भागतच नाही. एकाने पारी लाटावी, एकाने सारण भरून कडा दाबाव्या, एकाने कातण्याने कापावी, एकाने तळावी. मध्ये थांबले तर पारी सुकते, म्हणून ओल्या फडक्याखाली झाकण्याचे काम घरातल्या सर्वांत धाकट्याकडे द्यावे. आठ वर्षांचे मूल आणि पन्नास वर्षांचा अधीक्षक अभियंता एका पोळपाटाभोवती बसून एकाच कामात गुंतलेले, असा दुसरा प्रसंग वर्षात येतो तरी कधी?

या प्रसंगी जे बोलणे होते ते आम्हांस पदार्थाइतकेच मोलाचे वाटते. परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या मराठीविषयी आपण सारे चिंता करतो. मंडळात वर्ग उघडतो, गोष्टींची पुस्तके मागवतो, मुले दोन रविवार येतात आणि तिसऱ्या रविवारी येत नाहीत. भाषा ही शिकवणीला बसत नाही, ती कामाला बसते. मोहन, साटा, पारी, मुरड, एकतारी पाक, खुसखुशीत, कुरकुरीत, खमंग हे शब्द कोशातून पाठ करून कोणाला आले आहेत? अनारसा तुपात पसरून विरला की तो 'हसला' असे म्हणतात. हे एकदा कढईशेजारी उभे राहून पाहिलेले मूल तो शब्द जन्मात विसरणार नाही, आणि तेही त्याच्याबरोबर हसेल. पेटीतून आलेल्या अनारशाला हसण्याची सोयच नाही. तो हसला असता तर दुकानदाराने तो पाठवलाच नसता. विकतच्या फराळात चूक नसते, म्हणून आठवणही नसते.

मंडळाची दिवाळी पहाट, नाट्यगीते, स्नेहभोजन यांना आमचा विरोध नाही. परंतु ही दिवाळी खुर्चीत बसून पाहण्याची आहे. मुलाने वर्षभर शाळेत बसावे, आणि सणाच्या पहाटे पुन्हा सभागृहात रांगेत बसावे, यातून त्याला आपल्या घराविषयी काय कळणार? त्याच्या हाती माती द्या. सरकारी घराच्या मागच्या अंगणात, अंगण नसेल तर गच्चीच्या कोपऱ्यात, जुने पोते टाकून किल्ला करू द्या. त्यावर हळीव नाही तर मोहरी पेरू द्या. चार दिवसांत जे हिरवे रान उगवते ते पाहायला शेजारची पंजाबी, बंगाली पोरे आपोआप येतील, आणि हे काय आहे असे विचारतील. तेव्हा तो मुलगा त्यांना शिवाजीमहाराजांची गोष्ट ज्या अभिमानाने सांगेल, तो कोणत्याही व्याख्यानमालेने आणता येणार नाही. कामट्या, खळ आणि पतंगाचा कागद यांचा आकाशकंदील वाकडा झाला तरी दारावर तोच लावावा. वाकडेपणाखाली नाव लिहिलेले असते.

शेजाऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर फराळाच्या ताटाविषयीही सांगितले पाहिजे. आपण तीन वर्षांसाठी एका गावी येतो, तीन वर्षांनी जातो. शेजाऱ्याला आपले पद ठाऊक असते, माणूस ठाऊक नसतो. रुमालाने झाकलेले ताट मुलाच्या हाती शेजारी पाठवणे ही आपल्या घराची खरी ओळख आहे. ते ताट रिकामे परत येत नाही, कारण रिकामे ताट परत करू नये ही समजूत या देशात सर्वत्र सारखी आहे. तमिळ घरातून मुरुक्कू येतो, बंगाली घरातून नारळाचे लाडू येतात, आणि चकलीची व मुरुक्कूची भावकी दोन्ही स्वयंपाकघरांना एकाच संध्याकाळी उमगते. ही देवाणघेवाण पेटीतल्या मालावर होत नाही. विकतचा डबा घेतला की माणूस किंमत आठवतो आणि तेवढ्याच किमतीचा डबा परत करतो. तो व्यवहार झाला. घरच्या चकलीला किंमत नाही, म्हणून तिचे ऋण राहते, आणि शेजार त्या ऋणावर उभा असतो.

"हे सारे खरे, पण वेळ कोठे आहे?" हा शेवटचा आणि सर्वांत प्रतिष्ठित आक्षेप. केंद्र सरकारच्या सुट्ट्यांत दिवाळीला सक्तीची सुट्टी एकच दिवस असते. नरकचतुर्दशी, गोवर्धनपूजा, भाऊबीज हे दिवस ऐच्छिक सुट्ट्यांच्या यादीत जातात, आणि ऐच्छिक सुट्ट्या वर्षाला दोनच. उत्तरेकडील अनेक शाळांना सुट्टी मिळते ती दसऱ्याच्या सुमारास, दिवाळीला नव्हे. हे आम्हांस मान्य आहे. परंतु तयारी सुट्टीच्या दिवशी होत नसून तिच्या आधीच्या संध्याकाळी होते. कोजागिरीपासून वसुबारसेपर्यंत बारा दिवस हाती असतात आणि त्यांत एक रविवार तर हमखास सापडतो, बहुधा दोनही. एका संध्याकाळी भाजणी भाजावी, एका संध्याकाळी पोहे निवडावेत, एका रविवारी माळा काढावा, एका रात्री लाडू वळावेत. दूरदर्शनच्या पडद्यापुढे आणि भ्रमणध्वनीच्या काचेपुढे जातो त्यातला निम्मा वेळ याला पुरतो. हवामानाची तक्रारही ऐकू येते. मद्रासकडे ऐन त्याच दिवसांत ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो, पोह्यांना ऊन मिळत नाही, अनारशांचे तांदूळ फडक्यावर वाळत नाहीत. मग पोहे मंद आचेवर परतावेत, आणि अनारसे त्या साली सोडून द्यावेत. आठ पदार्थ झालेच पाहिजेत असे कोणत्याही स्मृतीत लिहिलेले नाही. चार करा, तीन करा. परंतु सर्वांनी करा. एकीने केलेल्या आठ पदार्थांपेक्षा चौघांनी केलेले दोन पदार्थ आम्ही श्रेष्ठ मानतो.

"आम्हांला येत नाही" ही सबब पुरुषांनी पुढे करू नये. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली प्रसिद्ध झाले. सासू-आई जवळ नसलेल्या कितीतरी मुलींनी त्यातल्या वाटी-चमच्यांच्या मापांवर परगावी संसार उभे केले. ते पुस्तक पुरुषांनी वाचू नये असे त्यात कोठेही छापलेले नाही. पन्नास पानी परिपत्रकातून आपल्या सोयीचे पोटकलम नेमके शोधून काढणाऱ्या बुद्धीला शंकरपाळ्यांची कृती कळू नये, हे आम्हांस पटत नाही. वाचनाचीच आवड असेल तर तीही येथे कामी येते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळीच्या तयारीत अंकाचाही समावेश झाला. तो अंक साहेबांनी अवश्य वाचावा. मात्र बैठकीत आडवे पडून मनातल्या मनात वाचू नये. स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसावे आणि भाजणी भाजणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावा. कथा कंटाळवाणी निघाली तर उलथने हाती घ्यावे आणि अंक दुसऱ्याकडे द्यावा.

पाडव्याला पत्नी पतीला ओवाळते आणि तो तबकात काही घालतो. सोन्याचा भाव चढला असल्याची तक्रार त्या दिवशी सर्वत्र ऐकू येते. आम्ही सुचवतो ती ओवाळणी याहून महाग आहे, पण ती सर्वांच्या ऐपतीत बसते. यंदा तबकात काय घालणार ते बारा दिवस आधी ठरवावे, आणि कोजागिरीचे दूध पिऊन झाले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन डाळी निवडायला बसावे. घर सरकारी आहे, गाव परके आहे, बदलीचा हुकूम केव्हाही येईल. भिंती मागे राहतील, बागेतले रोप मागे राहील. सोऱ्या तेवढा सामानात घालून पुढच्या गावी नेता येतो, आणि तो कसा धरायचा हे घरातल्या प्रत्येकाला आले म्हणजे तेथेही दिवाळी होते.